परिसर गटाच्या प्रकल्प नोंदी : जुन्नर तालुका, २०२३-२४

१७ जून २०२३, शनिवार

शाळा परवा उघडल्या. आज सकाळची शाळा सोडून बारा शिक्षक दीड वाजता केंद्रशाळेत जमले. शाळा आठ, त्यातल्या पाच द्विशिक्षकी. म्हणजे एका खोलीत दोन-तीन वर्ग, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला बहुतेक वेळा गणित. मी गेली नऊ वर्षं विषय साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना विषयाचं मार्गदर्शन करणारी, म्हणून काम करते. या विषयाची प्रशिक्षणं मी घेतली आहेत आणि दिलीही आहेत. बहुतेक प्रशिक्षणांत आम्ही शिक्षकांना माहिती दिली, त्यांनी ती उतरवून घेतली आणि जाऊन मुलांना उतरवून दिली. या वर्षी हा गट वेगळ्या रीतीने चालवायचा ठरवला आहे. महिन्यातून एक-दोन शनिवार, वर्षभर, तेच शिक्षक, आणि काम त्यांच्याच शाळेच्या गावात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत असं म्हटलं आहे. ते तास सभागृहात बसूनच भरले पाहिजेत असं कुठे म्हटलेलं नाही.

पहिलं काम दिलं : तुमच्या शाळेच्या गावाबद्दल तुम्हाला स्वतःला उत्तर माहीत नाही असे पाच प्रश्न लिहा.

वीस मिनिटं गेली. कागदांवर शाळेची स्थापना, ग्रामदैवत, लोकसंख्या असे प्रश्न होते. त्यांची उत्तरं शाळेच्या फलकावर रंगवलेली असतात. आमच्यातले बहुतेक जण जुन्नर किंवा नारायणगावात राहतात आणि रोज ये-जा करतात. सकाळी गावात शिरायचं, संध्याकाळी बाहेर पडायचं. गावाशी ओळख असते ती पालकसभेपुरती.

एका कागदावर मात्र एकच प्रश्न होता. चौथीच्या बाईंचा. “आमच्या गावात ओढ्याजवळ दोन जुन्या विहिरी आहेत. एकीपासून दुसरी पंचवीस-तीस पावलांवर. मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं, बाई, इतक्या जवळ दोन कशाला खणल्या? मी म्हटलं, पाणी जास्त लागत असेल.”

कागद वाचून दाखवल्यावर खोलीत कुणी बोललं नाही. उत्तर काय असणार हे बहुतेकांना कळलं होतं. थोड्या वेळाने बाईच म्हणाल्या, “मला माहीत होतं की ते उत्तर खरं नाही. पण वर्गात दोन्हीकडची मुलं बसली होती.”

हा प्रश्न गटाचा म्हणून ठेवला. आज त्यावर काही ठरवायचं नाही.

१ जुलै २०२३, शनिवार

नकाशाचा दिवस. आधी स्वतःच्या शाळेच्या गावाचा नकाशा आठवणीने काढायला सांगितला. विचारायचं नाही, मोबाईल बघायचा नाही.

भिंतीवर बारा कागद लावले. शाळा प्रत्येकात होती, बहुतेकांत कागदाच्या बरोबर मधोमध. देऊळ, ग्रामपंचायत, डेअरी, डांबरी रस्ता, एसटीचा थांबा. मग मी विचारलं, तुमच्या पटावरची मुलं ज्या-ज्या वस्तीतून येतात त्या सगळ्या नकाशात आहेत का? प्रत्येकाने आपापली हजेरी काढून पडताळलं. सात नकाशांत निदान एक वस्ती नव्हती. ठाकरवाडी नव्हती, ओढ्यापलीकडची वस्ती नव्हती, एका नकाशात ऊसतोड कामगारांची पालं नव्हती. ज्या सरांचा तो नकाशा, ते म्हणाले की ती पालं कायमची नसतात. त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “पण मुलं तर तुमच्याकडे बसतात ना, सर?” सरांनी पेन्सिल घेतली आणि पालं काढली. ती तुटक रेषेने काढली, आणि सूचीत तुटक रेषेचा अर्थ लिहिला. हंगामी वस्ती दाखवायला याहून नेमकी खूण मला सुचली नसती.

नंतर मैदानात. प्रमाण म्हणजे काय हे आम्ही फळ्यावर सांगतो आणि ते मुलांच्या डोक्यावरून जातं. आज शिक्षकांनी आधी पन्नास मीटरच्या टेपवर आपली पावलं मोजली. कुणाची सदुसष्ट भरली, कुणाची ऐंशी. मग त्याच पावलांनी शाळेचं आवार मोजून एक सेंटिमीटरला दहा पावलं धरून नकाशा काढला. बाजूला दोरीने एक गुंठा आखला : ३३ फूट गुणिले ३३ फूट. शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या आमच्यातल्या अनेकांनी गुंठा आयुष्यभर ऐकलेला, पण त्याच्या चार कोपऱ्यांवर आज पहिल्यांदा उभे राहिले. असे चाळीस म्हणजे एकर. मुलं हा हिशेब घरी रोज ऐकतात, मग नकाशाचा धडा इथूनच सुरू करायला हवा.

पुढच्या वेळेपर्यंतचं काम : न दाखवलेल्या वस्तीत चालत जायचं, पावलं मोजत.

२२ जुलै २०२३, शनिवार

आज ठरवलेलं काम बाजूला राहिलं. १९ तारखेच्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. डोंगराकडच्या शाळेतले सर आले तेच गप्प होते. त्यांच्या वर्गातल्या मुलीने गुरुवारी विचारलं होतं, “सर, आपला डोंगर पडंल का?”

आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. माळीण शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ ची ती सकाळ इथल्या प्रत्येक घराला आठवते. सरांनी मुलीला “घाबरू नको” एवढंच सांगितलं होतं, आणि दोन दिवस त्यांना त्याची रुखरुख होती.

दीड तास फक्त यावरच बोललो. “नाही पडणार” असं सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. “पडेल” म्हणून पोरांची झोप उडवण्याचाही नाही. मग उरतं काय? बघण्याजोगं बरंच आहे. उतार किती चढा, झाडं कुठे आहेत आणि कुठे नाहीत, उतारावर नव्या भेगा दिसतात का, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं का, झाडं किंवा खांब कलले का. हे सगळं मुलं गुरांमागे फिरताना बघतात. आणि दिसलं तर कुणाला सांगायचं : पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, ११२. नागरिकशास्त्रात आपण ही पदं पाठ करून घेतो. या माणसांचे फोन नंबर वर्गाच्या भिंतीवर लावलेले आठपैकी एकाही शाळेत नव्हते. सोमवारी ते सगळीकडे लागतील.

५ ऑगस्ट २०२३, शनिवार

या वर्षातला आतापर्यंतचा माझा सगळ्यात आवडता दिवस.

प्रत्येक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर असतं. दाखला द्यायची वेळ आली की ते निघतं, जन्मतारीख बघून परत आत जातं. इतिहासाचं साधन म्हणून ते आमच्यापैकी कुणी कधी उघडलं नव्हतं. आज केंद्रशाळेचंच सगळ्यात जुनं रजिस्टर टेबलावर ठेवलं. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली, आणि दोन नियम केले : कुणाचंही नाव बाहेर बोलायचं नाही, आणि पानांचे फोटो काढायचे नाहीत. त्यात जातीचा रकाना आहे, आणि ज्यांची नावं आहेत त्यांची नातवंडं याच गावात राहतात.

सुरुवातीची पानं मोडी लिपीत. निवृत्त झालेले एक शिक्षक मोडी वाचतात, ते मुद्दाम आले होते. पण त्यांनी वाचायच्या आधी शिक्षकांना एवढंच विचारलं, काय-काय दिसतंय?

आधी शिक्के दिसले. जुन्या पानांवर डिस्ट्रिक्ट लोकल बोर्ड, पुढे स्कूल बोर्ड, त्याच्याही पुढे जिल्हा परिषद, पुणे. राज्यात जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला आल्या, हे आम्ही तारीख म्हणून शिकवतो. इथे तो बदल एका गावच्या शाळेच्या रजिस्टरात शाईने उमटला होता. त्याच हस्ताक्षरातल्या गुरुजींनी आदल्या पानावर एक शिक्का मारलेला आणि पुढच्या पानावर दुसरा. एक बाई त्या दोन पानांवर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या.

मग मुलींची नावं शोधली. पानामागून पान फक्त मुलगे, मग एक मुलगी, मग परत मुलगे. पहिली मुलगी सापडली तेव्हा सगळे उठून बघायला आले. तिच्या ओळीत शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण होतं : “लग्न”. खाली-वर बघितलं तर “शेतकाम”, “गुरे राखणे”, “परगावी गेला”, “सतत गैरहजर”. एका सरांनी ही कारणं दशकादशकाने मोजायला घेतली. चौथीच्या मुलांनाही हे करता येईल, फक्त नावं झाकून कारणांच्या रकान्याची यादी हाताने उतरवून द्यायची. इतिहास, गणित आणि समाज एकाच तासात.

विहिरींच्या प्रश्नाचाही धागा इथे हाती लागला. ओढ्यापलीकडच्या वस्तीचं पहिलं नाव रजिस्टरात बरंच उशिरा येतं. आणि त्या मुलाचं नाव दोन वेळा आहे. एकदा दाखल, वर्षाच्या आत कमी, तीन वर्षांनी परत दाखल. मधल्या काळात काय झालं हे रजिस्टर सांगत नाही.

काल ४ ऑगस्टला बोले ठरावाला बरोबर शंभर वर्षं झाली. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या सगळ्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मांडला होता. महाडचा सत्याग्रह त्यानंतर चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला. आम्ही महाड शिकवतो तेव्हा ते कुठेतरी दूर कोकणात घडलेलं असतं. आज ते या टेबलावर, दोन वेळा लिहिलेल्या एका नावात होतं.

२६ ऑगस्ट २०२३, शनिवार

सातच जण आले. मागच्या आठवड्यात तिसरी ते आठवीच्या पायाभूत चाचण्या झाल्या : मराठी, गणित, इंग्रजी. आता तपासणी आणि गुण भरणं चालू आहे. परिसर अभ्यास या चाचणीत नाही. पाचवीच्या शिष्यवृत्तीतही नाही. जे विषय मोजले जातात त्यांचे तास वाढत जातात आणि हे तास घरच्या पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसतात. याची तक्रार कुणा एकाकडे करता येत नाही, पण नोंद असावी. या वर्षीची पुस्तकं चार भागांत आली आहेत आणि त्यांत वहीसारखी कोरी पानं आहेत. गटाने ठरवलं की परिसराच्या धड्यांमागची पानं प्रश्नोत्तरं उतरवून भरायची नाहीत. तिथे मुलांनी गावात पाहिलेलं आणि ऐकलेलंच लिहायचं.

पाऊस नाही. महिना कोरडा चालला आहे.

१६ सप्टेंबर २०२३, शनिवार

कोरड्या ऑगस्टमुळे गावागावांत म्हातारी माणसं आपणहून ‘बाहत्तर’ची गोष्ट काढत होती. मुलाखतीचा सराव त्यावरच घ्यायचा ठरवलं. गेल्या दोन आठवड्यांत शिक्षक जोडीजोडीने जाऊन १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसांना भेटले.

पहिल्या फेरीच्या नोंदी वाचल्या. “१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. लोकांचे फार हाल झाले. सरकारने कामे काढली.” सहा जोड्यांच्या नोंदी जवळजवळ सारख्या. मग मी विचारलं, तुम्ही प्रश्न काय विचारले ते लिहून आणा. प्रश्न असे होते : दुष्काळात हाल झाले का? सरकारने मदत केली का? पाणी कमी होतं का? समोरच्या माणसाला “हो” म्हणण्यापलीकडे जागाच नव्हती. वर्गात आम्ही “समजलं का?” विचारतो आणि “होऽऽ” ऐकतो, तेच इथे झालं.

दुसऱ्या फेरीसाठी तीनच प्रश्न ठरवले. त्या दिवसांत सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं? भाकरी कशाची असायची? त्या काळातली कुठली वस्तू किंवा जागा अजून आहे का? आणि एक पथ्य : बोलणारं माणूस थांबलं की आपण लगेच बोलायचं नाही.

आज जे आलं ते वाचताना दोन तास कमी पडले. एका आजींचं बोलणं एका बाईंनी जसंच्या तसं उतरवलं होतं :

“अंधारात उठायचं. धाकटा पोरगा पाठीला बांधायचा अन् तळ्याच्या कामावर जायचं. बाभळीला झोळी बांधायची. दिवसभर दगूड फोडायचा. मिलूची भाकर तांबडीलाल, हातात घेतली की तुटायची. पोरास्नी सुकडी मिळायची, ती मातर ग्वाड लागायची. आमीबी चोरून खायचो एखादा घास.”

मिलो म्हणजे बाहेरून आलेली तांबडी ज्वारी. सुकडी म्हणजे कामावर वाटलं जाणारं पौष्टिक पिठाचं खाणं. ज्या तळ्याचं काम आजी सांगतात तो पाझर तलाव शाळेपासून एक किलोमीटरवर आहे. मुलं तिथे गुरं पाजायला नेतात. तो कुणी बांधला हे त्या मुलांनाही माहीत नव्हतं आणि त्यांच्या शिक्षकांनाही.

इथून मग कायद्याकडे जाता आलं. दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना रुजली, १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाने असाच कायदा केला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात आणणारं हे राज्य. आजींच्या हातातल्या तुटणाऱ्या भाकरीपासून संसदेपर्यंतचा हा रस्ता पाचवीच्या मुलाला कळू शकतो, पण तो भाकरीच्या टोकाकडून चालायला सुरुवात केली तरच.

एक चूक माझीही. आजींना परत जाऊन वाचून दाखवायचं मी ठरवलं नव्हतं. त्यांचे शब्द आपण नेले, ते त्यांना दाखवायला हवेत. गणपती झाले की बाई जाणार आहेत.

३ ऑक्टोबर २०२३, मंगळवार

काल गांधी जयंतीच्या ग्रामसभा होत्या. चार शिक्षक नागरिक म्हणून नव्हे, तर निरीक्षक म्हणून मागे बसले. वीस-वीस वर्षं ‘ग्रामसभा’ शिकवलेल्या दोघांनी ती काल प्रथमच पूर्ण पाहिली. कोरम किती, म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या, हे माहीत होतं. तो भरला नाही तर लोक काय करतात, कोण बोलतं, बायका कुठे बसतात, हे माहीत नव्हतं. एका गावात ग्रामसेवकांनी कर आकारणीचा नमुना ८ उघडून दाखवला. पुढच्या आठवड्यात पाचवीचा वर्ग तो बघायला जाणार आहे. घरपट्टी हा शब्द मुलं घरात ऐकतातच.

डोंगराकडचे सर म्हणाले की त्यांची गावं अनुसूचित, म्हणजे आदिवासी भागांसाठी जाहीर केलेल्या, क्षेत्रात येतात, तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत, आणि तिथल्या ग्रामसभेला हिरड्यासारख्या गौण वनोपजावर अधिकार आहे. मुलं घरच्यांबरोबर हिरडा गोळा करतात. त्यांना ग्रामसभा तिथूनच शिकवायला हवी. सपाटीवरच्या शिक्षकांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं.

४ नोव्हेंबर २०२३, शनिवार

सहामाही संपली. दिवाळी तोंडावर आहे, बैठक लहान. राज्याने ३१ तारखेला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शेजारचा शिरूर आहे. बाईंनी आजींना त्यांचं बोलणं वाचून दाखवलं. आजींनी एक दुरुस्ती सांगितली : सुकडी चोरून खाल्ली हे काढू नका, पण चोरून म्हणजे पोरांच्या वाटणीतली, हे लिहा.

२५ नोव्हेंबर २०२३, शनिवार

काल चौथीच्या बाईंचा तास पाहिला. गटाने एकमेकांचे तास बघायचे ठरवले आहे. शेरेबुकात काही लिहायचं नाही. बघणाऱ्याने फक्त एक गोष्ट टिपायची आणि ती आधीच ठरवायची. काल ठरलेली गोष्ट : प्रश्न विचारल्यावर बाई किती वेळ थांबतात.

पहिल्या दहा मिनिटांत त्या थांबल्याच नाहीत. प्रश्न, आणि त्याच श्वासात उत्तराचा पहिला अर्धा भाग, बाकीचा अर्धा मुलांनी एका सुरात पुरा करायचा. “गावाचा कारभार पाहते ती ग्राम...?” “पंऽऽचायत!” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, ठरलेलं आठवलं असावं, आणि खडू खाली ठेवला.

“ओढ्यावर पूल नव्हता तेव्हा पलीकडची मुलं शाळेत कशी येत असतील?”

वर्ग गप्प. बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मनात वीसपर्यंत मोजले. एक मुलगा म्हणाला, “पावसाळ्यात येतच नसतील.”

“कशावरून?”

परत शांतता. मग मागच्या बाकावरून : “बाई, तवाच्या हजेरीत बघू की. खाडे असतील.”

हजेरीची जुनी बाडं माळ्यावर होती. ती काढली. पूल व्हायच्या आधीच्या एका वर्षाची हजेरी सापडली आणि आषाढ-श्रावणातले खाडे मुलांनी बोटांनी मोजले. पलीकडच्या मुलांचे खाडे खरंच जास्त होते. ज्याने “खाडे असतील” म्हटलं तो मुलगा एरवी तासाला बोलत नाही, हे मला नंतर कळलं.

आज गटात बाईंनी हा तास सांगितला. मी एक शब्द बोलले नाही.

१६ डिसेंबर २०२३, शनिवार

नाणेघाट. दोन जीप, वर्गणी काढून. सकाळची शाळा इतर सहकाऱ्यांनी सांभाळली.

घाटघरवरून माथ्याशी पोचलो. खाली वैशाखरे, मुरबाडची बाजू, पुढे कल्याण. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल याच वाटेने बंदरांकडे उतरायचा. लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. केलेले यज्ञ आणि दिलेल्या दक्षिणा : गाई, घोडे, कार्षापण नावाची नाणी, आणि आकडे. मागच्या भिंतीवर कोरलेली नावं आहेत, त्यांच्याखालच्या मूर्ती मात्र गेल्या. पायांच्या खुणा उरल्या आहेत.

प्रत्येकाला वहीत तीन रकाने करायला सांगितले होते : दिसतं, लिहिलेलं आहे, सांगतात.

अडचण रांजणाशी आली. घाटाच्या तोंडाशी असलेला तो मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो कुठल्या रकान्यात? दिसतो, हे खरं. पण जकातीचं? ते ‘सांगतात’मध्ये जातं. पंचवीस वर्षं हे शिकवत आलेल्या सरांना ते लागलं. “म्हणजे मी खोटं शिकवलं का?” बराच वेळ तिथेच वाऱ्यात उभे राहून बोललो. सांगितलेलं म्हणजे खोटं नव्हे. आजींची सुकडीही ‘सांगतात’मध्येच होती, आणि ती ऐकूनच आपल्याला तलाव कळला. फक्त मुलांना सांगताना कुठलं कुठून आलं तेही सांगायचं. परतताना सर जीपमध्ये म्हणाले की आता शिवनेरीवर मुलांना नेईन तेव्हा हेच तीन रकाने देईन, आणि पाण्याच्या टाक्यांपासून सुरू करीन : गडावर इतकी माणसं राहायची, ती पाणी कुठलं प्यायची?

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

जानेवारीत बैठक झाली नाही. २३ तारखेपासून काल संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळेजण मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणात घरोघरी फिरत होते, मोबाईलवर प्रश्नावली भरत. दमून आले, तरी आले. पाचवीचे सर म्हणाले की या निमित्ताने गावातल्या प्रत्येक उंबऱ्यात बसलो. नकाशात काही घरांच्या जागा चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या.

२४ फेब्रुवारी २०२४, शनिवार

विहिरी.

चौथीच्या बाई गेले दोन महिने ओढ्यापलीकडच्या वस्तीत जात-येत होत्या. तिथल्या एका आजींनी सांगितलं : “वरच्या हिरीला आमाला हात लावायची परवानगी नव्हती. घागर खाली ठिवायची अन् कुणी वतील म्हणून बसायचं. उन्हात. म्हनून आमच्या सासऱ्यांनी अन् चौघांनी मिळून ही दुसरी हीर खांदली. पाच जणांनी, दोन उन्हाळं.”

वर्गात यायला त्या तयार आहेत. पण त्यांनी बाईंचा हात धरून सांगितलं, “माझी नात त्याच वर्गात हाय. तिला कुणी काय बोलता कामा नये.”

आजची सगळी बैठक या एका वाक्यावर झाली. हा धडा टाळावा असं दोघांचं मत होतं, आणि ते भित्रेपणाने तसं म्हणत नव्हते. दोघांनीही असे तास बिघडलेले पाहिले आहेत. शेवटी हे ठरलं : कुठल्याही मुलाला “तू कुठला” असं विचारायचं नाही. वरच्या आळीतल्या एका आजोबांनाही भेटायचं. त्यांनीही ते दिवस पाहिले आहेत. दोन्हीकडच्या पालकांना आधी सांगायचं. आणि सुरुवात खणणाऱ्यांपासून करायची. पाच माणसांनी दोन उन्हाळ्यांत कातळात विहीर पाडली, हे मुलांना आधी कळू दे. मग त्यांना ती का पाडावी लागली, हे.

खणणाऱ्यांपासून सुरुवात करण्याचा हा मुद्दा वस्तीतल्याच एका शिक्षकांनी मांडला. ते या गटात पहिल्या दिवसापासून आहेत आणि आजवर याबद्दल बोलले नव्हते.

२० मार्च २०२४, बुधवार

तारीख बाईंनी मुद्दाम निवडली.

मुलांना घेऊन विहिरींवर गेलो. दोरीला दगड बांधून खोली मोजली, पावलांनी अंतर मोजलं : अठ्ठावीस. वह्यांत तीन रकाने. ‘दिसतं’मध्ये मुलांनी लिहिलं : वरची विहीर घडीव दगडांनी बांधलेली, खालची ओबडधोबड, आत छिन्नीचे घाव. दोन्ही आता वापरात नाहीत. ‘लिहिलेलं आहे’ रिकामा राहिला, आणि बाईंनी तो रिकामाच ठेवायला सांगितला.

मग आजी बोलल्या, विहिरीच्या काठावर बसून. त्या खणणाऱ्या पाच जणांची नावं त्यांनी एकेक करून घेतली, मुलांनी ती वहीत लिहिली. मग घागर खाली ठेवून उन्हात बसण्याचं सांगितलं. मुलं ऐकत होती. आजोबा शेवटी बोलले आणि थोडंच बोलले : “आमी वतायचो. काही जन वतायचेबी न्हाईत. लहान व्हतो, पन कळत व्हतं.” महाडच्या तळ्याची गोष्ट बाईंनी त्यानंतर सांगितली, चार-पाच वाक्यांत. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम १७ फळ्यावर उद्या.

आजींची नात पुढे बसली होती. पाच नावांतलं एक तिच्या पणजोबांचं. तिने ते वहीत जरा मोठ्या अक्षरात काढलं होतं.

ज्या मुलाने गेल्या वर्षी “दोन कशाला खणल्या” विचारलं होतं, तो आता पाचवीत आहे. आम्ही परत निघालो तेव्हा दुपारच्या सुट्टीत तो धावत आला. त्याला कुठूनतरी कळलं होतं. त्याने बाईंना विचारलं, “बाई, आता नळ सगळ्यांना हायेत. पन टाकीतनं पानी सुटतं तवा आधी कुठल्या आळीला येतं?”

बाईंना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं. उद्या सकाळी सातला पाणी सोडणाऱ्या दादांबरोबर टाकीपाशी जायचं ठरलं आहे. चौथीचा वर्ग, पाचवीतला तो मुलगा, आणि वेळ लिहायला दोन घड्याळं. मीही जाणार आहे.